हवा किती खराब हे मोबाइल सांगतो. धूर कोणाचा हे का सांगत नाही?

दिवाळी उलटली की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरायला लागतो. लाल गोल, त्यात मोठा आकडा आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, 'बघा, आपलं सोलापूर पुण्याच्या पुढे!' तासाभरात दुसरा कोणी दुसऱ्याच ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो. त्यात त्याच वेळचा आकडा बराच कमी आणि रंग हिरवट. मग दोघांची जुंपते, तिसरा 'हे सगळं एअर प्युरिफायर खपवायचे धंदे' म्हणतो आणि गाडी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याकडे वळते.

यात बहुतेक वेळा खोटं कोणीच बोलत नसतं. आकडे वेगळे का येतात हे समजून घेणं फार अवघड नाही. त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो ग्रुपवर सहसा कोणी विचारत नाही: हवा खराब आहे एवढं कळलं, पण ती केली कोणी हे त्याच मोबाइलवर का कळत नाही? ती माहिती सरकारकडे असते का? असली तर आपल्याला मिळते का?

## आकडा येतो कुठून

सोलापूरला मुख्य त्रास हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा आहे. ते दोन मापांत मोजतात. पीएम १० म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे. डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पीएम १० मध्ये रस्त्यावरची माती, बांधकामाची धूळ, सिमेंट यांचा वाटा मोठा. पीएम २.५ मध्ये जळण्यातून निघालेलं जास्त असतं: डिझेलचा धूर, बॉयलर, पेटवलेला कचरा, चुली. जाड कण नाका-घशात आणि श्वासनळीत अडकतात, बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

मोजायच्या पद्धती दोन. जुनी पद्धत हाताची. सात रस्ता आणि वालचंद इन्स्टिट्यूटचा परिसर ही सोलापुरातली अशा मोजणीची जुनी ठिकाणं. पंप लावून हवा एका पांढऱ्या फिल्टर कागदातून ओढतात. कागद आधी प्रयोगशाळेत तोललेला असतो. ठरावीक तासांनी तो काढून नवा लावायचा, असं चोवीस तास चालतं. काढलेला कागद मधे मातकट झालेला असतो आणि जिथे चौकटीखाली दबला होता तिथे कडेला पांढरी पट्टी तशीच राहिलेली असते. तो पुन्हा तोलायचा. वजनातला फरक भागिले ओढलेली हवा, झाला आकडा. पद्धत साधी आणि भरवशाची आहे, पण राष्ट्रीय कार्यक्रमानुसार हे आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा करायचं असतं. उरलेल्या २६१ दिवशी त्या चौकात काय झालं, याची या पद्धतीत नोंदच नाही.

नवी पद्धत स्वयंचलित केंद्राची. एक छोटी केबिन, तिच्या छतातून वर आलेल्या नळ्या. आत एका कागदी फितीवर दर तासाला धुळीचा एक ठिपका पडतो आणि त्यातून बीटा किरण सोडतात. जितके किरण अडतील तितकी धूळ जास्त. ही नोंद थेट इंटरनेटवर जाते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा 'समीर' ॲपवर दिसते. सोलापूर महापालिकेची हद्द सुमारे १७८ चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेनऊ लाख. एवढ्या पसाऱ्याला अशी केंद्रं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

या नोंदींवरून जो एकच आकडा काढतात तो वायू गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे आपला एक्यूआय. आपल्या देशात तो २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषक धरतात: पीएम १०, पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. या आठांची सरासरी काढतात असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. पोराच्या प्रगतिपुस्तकात आठ विषय असावेत आणि बाईंनी घरी फक्त सगळ्यात वाईट विषयाचे गुण कळवावेत, तसा हा प्रकार आहे. किमान तीन विषयांची परीक्षा झालेली लागते, त्यात दोन पीएमपैकी एक असावाच लागतो, आणि त्या दिवसाच्या किमान १६ तासांच्या नोंदी हाती असाव्या लागतात. नाहीतर निकालच लागत नाही.

५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. सोलापूरला नापास करणारा विषय धूळ. हवेची मानकं सतत ओलांडणाऱ्या शहरांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्या यादीत महाराष्ट्रातल्या इतर शहरांबरोबर सोलापूरही आहे.

## दोन ॲपांवर दोन आकडे का?

पहिलं कारण पट्टीचं. समजा केंद्रावर पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आलं. भारतीय पट्टीवर हे होतात १००, म्हणजे 'समाधानकारक'चं शेवटचं टोक. अमेरिकी पट्टीवर याच हवेचा आकडा दीडशेच्या पुढे जातो आणि रंग लाल होतो. परदेशी कंपन्यांची बरीच ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. केंद्र तेच, नोंद तीच, पट्टी वेगळी. ग्रुपवरची निम्मी भांडणं एवढ्यावर मिटावीत.

यात एक मेख आहे. आपली पट्टी सैल आहे. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी आपल्याकडे ४० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. त्यामुळे हिरव्या रंगावर फार विसंबू नये.

दुसरं कारण अंदाजाचं. काही ॲप तुमच्या नगराचं नाव घालून आकडा दाखवतात, पण तिथे यंत्र नसतं. उपग्रहाची चित्रं, वारा, तापमान यांवरून संगणकाने बांधलेला तो अंदाज असतो. जुळे सोलापूर आणि बाळे यांना दोन वेगळे आकडे दिसले म्हणून दोन्हीकडे कोणी मोजमाप केलं असं धरून चालू नका. ॲपमध्ये केंद्राचं नाव दिसतं का ते बघा.

तिसरं कारण स्वस्त सेन्सर. काही हजारांत मिळणारी ही डबी आत लेझरचा झोत टाकते आणि कणांवरून उसळणारा प्रकाश मोजते. बारीक धुरासाठी ती बऱ्यापैकी काम देते. जाड धूळ मात्र तिच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पोचली तरी नीट मोजली जात नाही, त्यामुळे पीएम १० कमी दाखवते. कोरड्या हवेच्या, उखडलेल्या रस्त्यांच्या आणि उन्हाळ्यात वावटळी उठणाऱ्या आपल्या गावात हा दोष मोठा आहे. एखाद्या शाळेने हौसेने असा सेन्सर लावला तर उत्तम, पण त्यावरचा पीएम १० चा आकडा दाखवून 'हवा स्वच्छ आहे' असं कोणी म्हणू लागलं तर हसून सोडून द्यावं.

## सरासरीत काय दडतं

एक्यूआयमधला कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. आता असं समजा की तुमच्या गल्लीत संध्याकाळी कचरा पेटला आणि दोन तास पीएम २.५ चारशेवर गेलं. बाकीचे २२ तास ते ४० होतं. सरासरी येते ७०. एक्यूआयच्या भाषेत 'मध्यम'. दम्याच्या आजोबांना त्या दोन तासांत पंपावर पंप ओढावा लागला, पण कागदोपत्री दिवस मध्यम गेला.

म्हणून एक्यूआयखाली दडलेल्या तासागणिक नोंदी महत्त्वाच्या. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर त्या मिळतात, तारीख निवडून उतरवूनही घेता येतात. त्या पाहिल्या की थंडीतली पहाट वेगळी कळते. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही, खालीच कोंडतो. साखर कारखान्यांचा गाळप हंगामही नेमका याच महिन्यांतला. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी दिवसाची सरासरी बघण्यापेक्षा त्या तासाची नोंद बघितलेली बरी.

आणि घरातली हवा या सगळ्यातून बाहेरच आहे. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या नाकात जाणारा तंबाखूचा खकाणा, यंत्रमागाच्या खोलीतला सुताचा भुसा, यांचा हिशेब चौकातलं केंद्र ठेवत नाही.

## मग धूर कोणाचा?

इथून खरा विषय सुरू होतो. चौकातलं केंद्र सगळ्यांच्या धुराची आणि धुळीची मिसळ मोजतं. त्यात तुमची दुचाकी आहे, टेंभुर्णीकडून आलेला ट्रक आहे, बेकरीची भट्टी आहे आणि कारखान्याची चिमणीही आहे. कोणाचा वाटा किती हे त्या आकड्यातून निघत नाही. ते जाणून घ्यायचं तर चिमणीच्या तोंडाशी आणि सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाशी मोजलं पाहिजे.

असं मोजलं जातं का? जातं. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रकारांना चिमणीत आणि सांडपाण्याच्या निकासावर ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. साखर, मद्यार्क, औष्णिक वीज, सिमेंट हे सगळे त्या १७ मध्ये येतात, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा मोठा कारभारच त्यात आला. ही यंत्रं दिवसरात्र नोंद घेतात आणि ती मंडळाच्या सर्व्हरवर जाते. कारखान्याने मर्यादा ओलांडली तर मंडळाला त्याच दिवशी कळण्याची सोय आहे.

आपल्याला? सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की या ऑनलाइन नोंदी राज्याच्या मंडळाने आपल्या पोर्टलवर लोकांना दिसतील अशा ठेवाव्यात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना चिमणीतल्या कणांच्या चाचण्यांवरून एक ते पाच तारे द्यायची योजना आणली. देशात असं प्रथमच घडत होतं. जास्त तारे म्हणजे कमी धूर, लहान पोरालाही कळेल. मला ती कल्पना मनापासून आवडली होती, कारण तिच्यात नागरिकाला रसायनशास्त्र शिकायला लावलेलं नव्हतं.

त्याशिवाय धूर किंवा सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात चिमणी किती उंच, इंधन कोणतं, रोज किती सांडपाणी, त्याचं काय करायचं, सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. त्यात किती पाणी वापरलं, किती घाण बाहेर सोडली, हे कारखाना स्वतः लिहून देतो. दक्षिण सोलापुरातला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प किंवा तसे मोठे प्रकल्प पर्यावरण मंजुरीखाली येतात आणि त्यांना वर्षातून दोनदा अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. घातक रसायनं आणि घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांना तर आपली माहिती फाटकाबाहेर फलकावर लावावी लागते, तोही न्यायालयाचाच आदेश आहे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतून जाताना हे फलक मुद्दाम बघा. खडूने किंवा मार्करने भरायचे रकाने असतात आणि तारखेच्या रकान्यात किती जुनी तारीख आहे ते वाचणं उद्बोधक असतं.

म्हणजे माहिती आहे, भरपूर आहे. अडचण अशी की ती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर, वेगवेगळ्या नावांखाली, बहुतेक इंग्रजीत आणि बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पडलेली आहे. होटगी रोडच्या माणसाचा प्रश्न साधा असतो: माझ्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोण काय सोडतं? नकाशावर बोट ठेवलं की त्याला उत्तर मिळावं, यासाठी नवीन मोजणी फारशी लागत नाही. असलेल्या फाइली एका नकाशावर आणाव्या लागतात. हवेचा आकडा मिळाला म्हणून आपण समाधान मानतो आणि हा दुसरा अर्धा भाग मागायला विसरतो, ही माझी तक्रार आहे.

सोलापूरकरांना आठवेल, विमानसेवेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. त्याआधी कित्येक वर्षं गावात त्या एका चिमणीवर मोर्चे, सभा, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण सगळा वाद उंचीचा. जिल्ह्यातल्या चिमण्यांतून निघतं काय, यावर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी तरी चर्चा व्हायला हरकत नव्हती.

एक त्रुटीही सांगायला हवी. त्या १७ प्रकारांत कापड रंगवणारे उद्योग नाहीत. टॉवेल-चादरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात रंगाई आणि प्रोसेसचं सांडपाणी हा जुना विषय आहे, आणि लहान युनिटांच्या नाल्यावर चोवीस तास नोंद घेणारं यंत्र नसतं. तिथे अधिकारी नमुना घेईल तेव्हाच कळणार.

## पाण्याचं उत्तर उशिरा येतं

हवा तासाला कळते, पाणी महिन्याने. कारण पाण्याची मुख्य चाचणीच मंद आहे. तिला बीओडी म्हणतात: पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. आपल्या पद्धतीत नमुना २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस ठेवून मगच उत्तर निघतं. आंघोळीलायक नदीत ते लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असावं. नमुने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, साधारण महिन्यातून एकदा घेतात. एखाद्या रात्री ओढ्यात मळीमिश्रित पाणी सुटलं, सकाळी मासे वर तरंगले आणि दुपारी पाणी वाहून गेलं, तर महिन्याच्या तक्त्यात त्या रात्रीचा मागमूस राहत नाही.

आणि 'स्थानिक' म्हणजे किती स्थानिक? आपण उजनीचं पाणी पितो. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा या पिंपरी-चिंचवड आणि पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ती भीमा उजनीत अडते. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि भीमा त्यांत होती. त्यामुळे सोलापूरच्या पानावर फक्त सोलापूर दाखवून भागणार नाही. पुण्याची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आज किती चालली आणि किती पाणी तसंच सोडलं, हे आपल्यासाठी स्थानिक माहितीत मोडतं.

## माहिती उघडी केल्याने फरक पडतो का?

भोपाळमध्ये १९८४ साली वायू फुटला तेव्हा आजूबाजूच्या वस्तीला आत काय साठवलंय हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. त्या धक्क्यातून कायदा बदलला तो अमेरिकेत. १९८६ च्या कायद्याने तिथल्या कारखान्यांना दरवर्षी कोणतं विषारी रसायन किती सोडलं ते जाहीर करणं भाग पडलं आणि ही यादी सरकारने संगणकावर सर्वांना खुली केली. इंटरनेट घराघरांत यायच्याही आधी. पहिल्या दहाएक वर्षांत यादीतले आकडे लक्षणीय खाली आले. त्यातली घट किती खरी आणि किती हिशेबाच्या पद्धती बदलल्यामुळे, यावर तिथे वाद आहे. आकडे कारखान्यांनी स्वतःच भरलेले असतात हे विसरायला नको. तरीही वर्तमानपत्रात पहिल्या दहांत नाव येऊ नये म्हणून धडपड झाली, हे नाकारता येत नाही.

दुसरं उदाहरण बीजिंगचं. तिथल्या अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये छतावर एक यंत्र बसवलं आणि दर तासाचा पीएम २.५ चा आकडा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. सरकारी आकडा बरा दिसे, छतावरचा भयंकर. लोकांनी तुलना सुरू केली. २०१२ मध्ये चीनने आपल्या मानकांत पीएम २.५ घेतलं आणि जानेवारी २०१३ पासून ७४ शहरांचे तासागणिक आकडे स्वतःच प्रसिद्ध करायला लागला. लोकशाही नसलेल्या देशात एका यंत्राने एवढं घडवलं.

## 'लोक उगाच घाबरतील'

हा आक्षेप अधिकाऱ्यांकडून हमखास येतो. माझा अनुभव उलटा आहे. आकडा नसतो तेव्हा अफवा चालते. 'त्या कंपनीतून रात्री गॅस सोडतात' असं वस्तीत वर्षानुवर्षं बोललं जातं. तिथे रात्रीच्या नोंदी दिसल्या तर कधी वस्तीचं खरं निघेल, कधी कंपनीचं. दोन्ही बरंच. आकड्याशेजारी मर्यादा किती आणि त्याचा अर्थ काय, हे साध्या मराठीत दोन ओळींत लिहिलं की पुरे.

## 'उद्योग आधीच मेटाकुटीला आलाय'

ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी गिरणी यांचे भोंगे बंद पडलेले पाहिलेल्या गावात 'कारखाना बंद पडेल' हे वाक्य जड असतं. यंत्रमागवाल्याला विचाराल तर तो दुसरंही एक सांगेल: माहिती बाहेर गेली की कार्यकर्ता म्हणवणारे लोक येतात, 'तक्रार करतो' म्हणतात आणि पाकीट घेऊन जातात. असं होतं, हे एमआयडीसीत कोणीही दबक्या आवाजात सांगेल.

पण जरा विचार करा, पाकीट कशाचं मिळतं? माहिती त्याच्याकडे आहे आणि इतरांकडे नाही, याचं. तीच माहिती सगळ्यांना फुकट दिसू लागली तर विकायला त्याच्याकडे उरतं काय? शिवाय नियम पाळून सांडपाण्यावर खर्च करणाऱ्याचा टॉवेल महाग पडतो आणि रात्री नाल्यात सोडून देणाऱ्याचा स्वस्त. उघड्या माहितीचा पहिला फायदा त्या पहिल्या कारखानदाराला आहे. परदेशी गिऱ्हाईक हल्ली हे कागद मागतंच.

व्यापारी गुपिताचं म्हणाल तर माहिती अधिकार कायद्यात त्याला संरक्षण आहे, पण व्यापक जनहितापुढे ते टिकत नाही असंही त्याच कलमात आहे. रंगाचं सूत्र गुपित असू शकतं. नाल्यात किती पाणी सोडलं यात गुपित कसलं?

## 'आकडे तरी खरे कशावरून?'

कशावरूनच नाही. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ठरावीक मुदतीने ते अचूक मोजतंय का याची तपासणी, चुकली तर आकडा चुकतो. केंद्राभोवती पाणी मारलं तर धूळ तेवढ्यापुरती बसते. चिमणीतलं यंत्र 'दुरुस्तीसाठी बंद' असू शकतं. पण खोटेपणाही उघड्यावरच पकडता येतो. आठवडाभर आकडा जराही न हलता एकच दिसत असेल तर यंत्र अडकलंय. नोंदी दर रविवारी रात्रीच गायब होत असतील तर प्रश्न विचारण्यासारखा आहे. रिकामे रकानेही जपून ठेवा, त्यांतून पुष्कळ कळतं. ज्या आकड्याकडे रोज शंभर जण बघतात तो बिघडवणं कोणी न बघणाऱ्या आकड्यापेक्षा अवघड असतं.

## आज, आत्ता काय करता येईल

'समीर' किंवा केंद्रीय मंडळाचं संकेतस्थळ उघडा, सोलापूरचं तुमच्या जवळचं केंद्र निवडा आणि एक्यूआयखाली जाऊन तासागणिक नोंद बघा. महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो, तो आपल्या नगरसेवकाकडे मागा. त्यात तुमच्या प्रभागाचं काही आहे का ते बघा. नसेल तर का नाही हे त्यालाच विचारा.

कारखान्याचं जाणून घ्यायचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर उपप्रादेशिक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा, त्यामुळे हवा आणि पाणी यांचे अर्ज वेगळे करा. 'प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर 'माहिती विस्तृत आहे' एवढंच उत्तर येईल. नेमकं मागा: 'अमुक गावातील, अमुक गट क्रमांकातील कारखान्याचे चालू संमतीपत्र, मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, त्याच वर्षातील ऑनलाइन देखरेख यंत्रणेच्या नोंदी, मर्यादा ओलांडल्याबद्दल दिलेल्या नोटिसा व त्यांवरील कारवाई.'

शेवटी एक ओळ न विसरता घाला: 'नोंदी एक्सेल फाइलच्या स्वरूपात ई-मेलने द्याव्यात.' माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी, असं कायदा सांगतो. कार्यालयाच्या कामावर अवाजवी ताण येणार असेल किंवा मूळ कागदपत्रांना धोका असेल तरच त्याला अपवाद. ही ओळ राहिली तर वर्षभराच्या नोंदींच्या झेरॉक्सचा गठ्ठा पानाला दोन रुपयांनी पदरात पडतो आणि त्यातला एकही आकडा मोबाइलवर शोधता येत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत मंडळाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. मूळ अर्जाची पोच जोडायला विसरू नका.